विंगेतला सूर

कंपनीत तिला सगळे ‘वरची’ म्हणायचे. नाटकाच्या शेवटच्या गाण्यात अगदी शेवटी एक लांबलचक वरचा सूर होता आणि तो ही लावायची, म्हणून वरची. जाहिरातीत तिचं नाव कधी आलं नाही. तिथे ती ‘आणि इतर’मध्ये होती, आणि त्या इतरांबद्दल तिला काय वाटायचं ते विचारू नका. कोरसमधल्या पोरी ही नुसती खोगीरभरती, नायक आरशापुढून हलत नाही, वादकांचं लक्ष चहाकडे, आणि समोरचे प्रेक्षक म्हणजे तिकीट काढून आलेले बहिरे, असं तिचं साधं सरळ मत होतं. या सगळ्यांना वाटूनही जी तुच्छता शिल्लक उरायची, ती सगळी तिने बाईसाहेबांसाठी राखून ठेवली होती.

बाईसाहेब म्हणजे कंपनीची नायिका. वरची त्यांना ओळखायला लागली ती त्यांच्या घामापासून. तिच्या वडिलांचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे मोठ्या कढयांएवढी दोन पातेली आणि वाफेने कायम ओली असलेली भिंत. कंपनीचे कपडे तिथेच यायचे. त्यात बाईसाहेबांचा शेवटच्या गाण्यातला पांढरा झगा असायचा. त्याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत घामाने पिवळी पडलेली असायची आणि ती घासायचं काम वरची आणि तिची थोरली बहीण, या दोघींकडे होतं.

“राणीचं सोंग घेतलं तरी घाम आमच्यासारखाच येतो की,” ती नाक मुरडून म्हणायची.

“काहीतरी कष्ट पडत असतील गं बाईला,” ताई ब्रश घासत म्हणायची.

“कसले डोंबलाचे कष्ट? उभं राहून गायचं तर असतं.”

ताई गप्प बसायची. ताईचा हा गप्प बसण्याचा गुण पुढे तिच्या नवऱ्याच्या फार उपयोगी पडला.

वरची इस्त्री करताना गायची. कपडेपट सांभाळणारा माणूस गठ्ठा न्यायला आला, त्याने ते ऐकलं आणि तिला मालकांपुढे नेऊन उभं केलं. मालकांनी दात कोरत तिचं गाणं ऐकलं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, “शेवटचा तो वरचा पुन्हा लाव.” तिने लावला. “पुन्हा.” तिने पुन्हा लावला. मालकांनी दातातली काडी टाकून दिली आणि पियानोवाल्याकडे बघून मान हलवली. तिला वाटलं, आपलं नशीब उघडलं. विसाव्या वर्षी माणसाला असलं काहीही वाटतं.

खरी भानगड तिला आठवडाभराने कळली. नाटकाच्या शेवटी राणी उंच जिन्यावरून खाली उतरते, उतरता उतरता तीन अंतऱ्यांचं गाणं म्हणते, आणि शेवटच्या पायरीवर दोन्ही हात पसरून तो सूर लावते. लोक त्या एका सुरासाठी यायचे. आणि बाईसाहेबांना तो हुकमी लागायचा नाही. कधी लागायचा, कधी फाटायचा, आणि फाटला की दुसऱ्या दिवशी गावभर तेच. म्हणून मालकांनी युक्ती काढली. डाव्या विंगेत काळा पडदा, पडद्यामागे एक स्टूल, एक माइक आणि स्टुलावर ही पोरगी. बाईसाहेबांनी फक्त तोंड उघडायचं.

तर अशी तिची नोकरी. संध्याकाळी यायचं, कोरसमध्ये दासी म्हणून दोनदा इकडून तिकडे जायचं, आणि शेवटचं गाणं सुरू झालं की स्टुलावर जाऊन बसायचं. फ्लास्कमधून गरम पाणी घोट घोट प्यायचं. तिसरा अंतरा संपत आला की उठायचं, पाठ ताठ करायची, पोट भरून श्वास घ्यायचा. पियानोवाल्याचा हात वर जाताना पडद्याच्या फटीतून दिसायचा. तो खाली आला की सूर सोडायचा. बाहेर टाळ्यांचा नुसता कडकडाट. फटीतून तिला बाईसाहेबांची मागे टाकलेली मान आणि उघडं तोंड दिसायचं, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखी दिसते ही बया, असं रोज वाटायचं.

पडदा पडला की ती मुद्दाम वाट वाकडी करून बाईसाहेबांच्या ग्रीनरूमच्या दारात उभी राहायची आणि साखर पेरल्यासारखं म्हणायची, “छान झालं हं, बाईसाहेब.”

बाईसाहेब टॉवेलने मान पुसत असायच्या. मागे वळूनही न बघता त्या म्हणायच्या, “एकदा अख्खं म्हणून बघ.”

झालं. दोघींचं उभ्या आयुष्यात एवढंच बोलणं. वरचीचा या वाक्याने तिळपापड व्हायचा. मिजास बघा! म्हणजे गाणं यांचं, झगा यांचा, जिना यांचा, फुलं यांची, आणि वर ‘अख्खं म्हणून बघ’ म्हणून हिणवायचं. अख्खं म्हणायला मिळालं असतं तर स्टुलावर कशाला बसली असती ती? तिला तो पक्का टोमणा वाटला आणि तिने तो मनात जपून ठेवला.

सूड घ्यायचंही तिने ठरवलं होतं. एक दिवस गप्प बसायचं. नुसतं गप्प. बाईसाहेब हात पसरतील, तोंड वासतील आणि आतून काहीही येणार नाही. या विचाराने तिला इतका आनंद व्हायचा की बसमध्ये एकटीच हसायची. एकदा सगळ्या वर्तमानपत्रांचे लोक आले होते, त्या दिवशी तिने ओठ दाताखाली धरले, स्टुलावरून उठलीच नाही. पियानोवाल्याचा हात वर गेला, खाली आला, आणि ही उभी राहून गात होती. इतका सुरेख सूर तिने आधी कधी लावला नव्हता. वर्तमानपत्रांनी बाईसाहेबांवर रकाने भरले. स्वतःच्या गळ्याने दगा दिला म्हणून ती घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली, आणि सकाळी उठून पुन्हा सगळ्या जगाला नावं ठेवायला लागली.

मध्येच तिने लग्नही केलं. कंपनीच्या लाइटवाल्याशी. तिच्या विंगेत चुकूनही उजेड पडू नये हे बघणं त्याचं काम होतं. लग्नाआधी त्याने तिला अंधारात ठेवलं, लग्नानंतरही त्यात काही बदल झाला नाही. एके दिवशी तो कोरसमधल्या एकीला घेऊन दुसऱ्या गावी गेला. वरचीला वाईट वाटलं ते एवढंच की ती मुलगी बेसूर होती.

पुढे नाटक बंद पडलं. बाईसाहेब निवृत्त झाल्या, ‘त्या सुराची सम्राज्ञी’ वगैरे छापून आलं, आणि वरची एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये कॅबरे गायला लागली.

तिथे सहा-आठ टेबलं, कोपऱ्यात वीतभर उंचीचं स्टेज, वर लाल दिवा आणि अत्तर शिंपडूनही न लपणारा ओलीचा वास. लोक जेवायला यायचे, गाणं त्यांना फुकट मिळायचं. कोणी सूप भुरकतंय, कोणी कोंबडीची तंगडी तोडतंय, कोणी दुसऱ्याच्या बायकोला समजावतंय आणि मधून ही पिसांची शाल ओढत, कापलेल्या झग्यातून पाय टाकत फिरतेय. पहिल्या दिवशी तिने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू पायाला काहीतरी चिकटलंय आणि ते काय आहे ते बघायचीही इच्छा नाही. आणि काय सांगावं, लोक खूष! त्यांना वाटलं हा अभिनय आहे. पुढच्या आठवड्यात ते मित्रांना घेऊन आले. मग तेच तिचं वैशिष्ट्य ठरलं. ती टेबलाशी थांबायची, गिऱ्हाइकाच्या ताटाकडे बघायची, मग गिऱ्हाइकाकडे, मग पुन्हा ताटाकडे, आणि एक ओळ अशी अर्धी गात अर्धी बोलत टाकायची की तो माणूस लाजून लाल व्हायचा आणि टाळ्या वाजवायचा. माणसं पदरचे पैसे मोडून अपमान करून घ्यायला येतात हे बघून तिची उरलीसुरली दयामायाही संपली. एका रात्री तिला जरा बरं नव्हतं, तर मॅनेजर काळजीने म्हणाला, “मॅडम, आज तुमची तुच्छता जरा कमी पडली हो.”

तिथे तिने वर्षानुवर्षं काढली. खालच्या पट्टीत, श्वास खर्च न करता, बोलता बोलता गायची तिची एक ढब तयार झाली. त्यात ती खरोखर तरबेज होती. पण तिला स्वतःला त्याची कवडीची किंमत नव्हती. तिला हवं होतं ते एकच: तो सूर माझा होता हे लोकांनी मान्य करावं, आणि ते गाणं मी एकदा पुढे उभं राहून म्हणावं. मॅनेजरपासून वेटरपर्यंत सगळ्यांना तिने ती हकिगत ऐकवली होती. कोणाचाही विश्वास बसला नाही. ताईकडे जेवायला गेली की भावोजी मुद्दाम विषय काढायचे.

“म्हणजे एवढ्या मोठ्या बाईसाहेबांचा सूर तू लावायचीस?”

“हो, मीच.”

“तर काय! आणि मी रात्री विमान चालवतो.”

ताई गप्प बसायची.

आणि मग एके दिवशी, वरचीचे केस पांढरे होऊन पुन्हा काळे केले गेले होते तेव्हा, मालकांचा मुलगा हॉटेलात येऊन तिच्यासमोर बसला. मालक वारले होते. बाईसाहेब ऐंशीच्या घरात होत्या, चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांच्यासाठी कंपनीच्या जुन्या गाण्यांचा एक मोठा कार्यक्रम करायचं त्याने ठरवलं होतं.

“बाबांनी जाण्याआधी मला सगळं सांगितलंय,” धाकटे मालक म्हणाले. “शेवटचं गाणं तुम्ही म्हणा. पुढे उभ्या राहून. तो सूर तुमचा होता हे मी स्वतः स्टेजवरून जाहीर करतो. बाईसाहेबांनाही विचारलंय. त्या म्हणाल्या, सांगा खुशाल.”

वरचीने एवढी वर्षं या क्षणाची वाट बघितली होती. पण आपण वाट बघत होतो हे कबूल करील तर ती वरची कसली? ती नखं बघत म्हणाली, “जिना लागेल.”

“जिना कशाला? तुम्ही सरळ माइकपाशी—”

“जिना लागेल, पांढरा झगा लागेल, जसं होतं तसं सगळं लागेल. बाईसाहेब समोर बसणार आहेत ना? मग त्यांना दिसू दे, ते गाणं कसं म्हणायचं असतं.”

तालमी सुरू झाल्या. वरची खुर्चीत बसून, चष्मा नाकावर ठेवून, अंतरे आवाज राखून गुणगुणायची. सगळेच गायक असं करतात, गळा प्रयोगासाठी जपतात. आणि शेवट आला की उभी राहून, श्वास भरून तो सूर मात्र पूर्ण लावायची. सूर शाबूत होता. अगदी तसाच, काचेसारखा. वादक पोरं वाद्यं खाली ठेवून टाळ्या वाजवायची आणि ती खांदे उडवून म्हणायची, “यासाठी त्या बाईला माणूस ठेवावा लागायचा.”

रंगीत तालमीच्या दिवशी पहिल्यांदाच सगळं खरं होतं. खरा जिना, अंगावर आवळलेला जड झगा, डोळ्यांवर दिवे, आणि पूर्ण आवाज. पहिला अंतरा तिने ठसक्यात म्हटला. दुसऱ्यात झगा टाचेत अडकू नये म्हणून तो उचलावा लागला. तिसऱ्या अंतऱ्यात उरलेला सगळा जिना एका दमात उतरायचा होता. डोळे समोर, पाय पायरी चाचपडताहेत, आणि ती ओळ संपतच नाही. तिने श्वास घ्यायला जागा शोधली. जागा नव्हती. संगीतकाराने ती ठेवलीच नव्हती, ओळ सरळ त्या सुरात जाऊन पडत होती. तिने शेवटच्या पायरीवर हात पसरले, तोंड उघडलं आणि दाराच्या बिजागरीतून निघावा तसा आवाज निघाला.

“पुन्हा,” ती म्हणाली.

दुसऱ्यांदा तिने एक शब्द गिळून श्वास चोरला. सूर लागला आणि मधोमध फाटला. तिसऱ्यांदा तर तिला गरगरलं, कठड्याला धरावं लागलं. मग ती पायरीवर बसली, पाणी प्याली, दम खाल्ला आणि बसल्या जागी तिने नुसता तो सूर लावून बघितला. सहज लागला. रिकाम्या थिएटरात घुमला.

पियानोवरचा तरुण मान खाली घालून म्हणाला, “आवाज आहे, मॅडम. दम पुरत नाही. खरं सांगू, हे असं उतरून कोणालाच पुरणार नाही.”

वरची बसून राहिली. झग्याची पाठ तिच्या पाठीला चिकटली होती. मानेपासून कमरेपर्यंत. वडिलांच्या दुकानातल्या ओल्या भिंतीशी उभं राहून ती पाठ आपण किती वर्षं घासली, ते तिला आठवलं. तिला येत होता तो फक्त तो सूर. आधीची सगळी चढण आणि सगळी उतरण दुसरी बाई करत होती, आणि ही फ्लास्कमधून पाणी पीत बसली होती. जन्मभर जिला तुच्छ लेखलं, ती तिला जन्मभर खरं तेच सांगत होती, आणि तेही चार शब्दांत. वरचीला लाज वाटली. इतकी की तिला तिथल्या तिथे झगा फाडून टाकावासा वाटला.

धाकटे मालक जवळ आले. “जिना काढून टाकू या. किंवा पट्टी खाली घेऊ. लोकांना काय कळतंय?”

हे ‘लोकांना काय कळतंय’ म्हणजे वरचीचंच जन्माचं पालुपद होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते फार हलकट वाटलं. खरं तर इथे तिला सुटका होती. माइकपाशी उभं राहून आपल्या ढबीत, खालच्या पट्टीत, अर्धं बोलत तिने ते गाणं म्हटलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. पण मग बाईसाहेब समोर बसून बघणार की हिलाही जमलं नाही. हे काही तिला सोसलं नसतं.

“जिना राहील,” ती म्हणाली. मग झग्याची बाही सारखी करत, कोणाकडेही न बघता तिने विचारलं, “कोरसमध्ये ती उंच मुलगी आहे ना, मागच्या रांगेत? तिचा वरचा चांगला आहे?”

“आहे.”

“डाव्या विंगेत एक स्टूल ठेवा. आणि तिच्या गरम पाण्याची सोय करा.”

धाकट्या मालकांनी विचारलं, “मग मी उद्या जाहीर काय करू?”

“ठरलंय तेच.”

आणि त्यांनी तेच जाहीर केलं. त्या सुविख्यात सुरामागचा खरा गळा कोणाचा, ते आज आम्ही आपल्याला सांगणार आहोत. थिएटर चकित. तिसऱ्या रांगेत भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि ताई, जी कधी बोलत नाही, ती शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली, “माझी बहीण आहे.” बाईसाहेब पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल घेऊन, हनुवटी वर करून बसल्या होत्या.

वरचीने तीन अंतरे म्हटले. चांगले म्हटले, जीव तोडून म्हटले. ती जिना उतरली, शेवटच्या पायरीवर आली, दोन्ही हात पसरले, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. डाव्या विंगेतून सूर आला. ताजा, भरदार, न थकलेला. थिएटर उभं राहिलं. लोक रडत होते, भावोजीही रडत होते. जे मिळवायला जन्म घालवला ते सगळं तिला त्या मिनिटात मिळालं, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती की काळ्या पडद्याला फट असते.

आत आल्यावर ती टॉवेलने मान पुसत होती. दारात ती उंच मुलगी उभी राहिली. हातात फ्लास्क.

“काय सुंदर लावलात हो सूर, मॅडम,” मुलगी म्हणाली.

ही साखर वरचीच्या ओळखीची होती. तिला त्या मुलीला हाताला धरून बसवावंसं वाटलं, जिन्याचं सांगावं, श्वासाचं सांगावं, झग्याच्या पाठीचं सांगावं. पण सवय नव्हती. तोंडातून आलं ते एवढंच:

“एकदा अख्खं म्हणून बघ.”

मुलीचे कान लाल झाले. ती वळली, आणि तेव्हा वरचीला दिसलं की दारामागे चाकाची खुर्ची थांबलेली आहे आणि खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाईने सगळं ऐकलंय. खुर्ची धरून उभ्या असलेल्या त्यांच्या भाच्याने ती आत ढकलली. बाईसाहेबांनी वरचीला वाकायची खूण केली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ओला झालेला तो हात शालीला सावकाश पुसला.

“छान झालं हं, बाईसाहेब,” त्या म्हणाल्या.